कोल्हापूर फिरायला येताय? गड, राजवाडे आणि बागांबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र, सगळ्यांचे तेच तेच मेसेज येतात, पन्हाळ्याला किती वेळ लागतो, न्यू पॅलेस कधी उघडा असतो, आईला पायऱ्या जमत नाहीत तर काय, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. आणि एक विनंती आधीच करतो. बरेच लोक सकाळी अंबाबाईचं दर्शन घेतात, दुपारी तांबडा-पांढरा ओरपतात, चारला पन्हाळ्यावर जाऊन फोटो काढतात आणि रात्रीच्या गाडीनं परत जातात. असं करू नका, वेळ काढून या. इथला गड, राजवाडा, कुस्तीचं मैदान सगळं एकाच गोष्टीतलं आहे आणि ती गोष्ट घाईत कळत नाही.

किती दिवस पाहिजेत?

निदान दोन पूर्ण दिवस. एक दिवस पन्हाळा आणि जोतिबा, एक दिवस शहर. तिसरा दिवस असेल तर खिद्रापूरचं जुनं कोरीव देऊळ किंवा राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्याकडं जावा. एकच दिवस असेल तर मग पन्हाळा आणि देऊळ एवढंच करा, बाकीचं पुढच्या वेळेला ठेवा, सगळीकडं नुसतं हात लावून पळण्यात काय मजा नाही.

आधी शहर बघायचं का आधी पन्हाळा?

आधी पन्हाळा, यावर मी ठाम आहे. कारण कोल्हापूरच्या छत्रपतींची गादी सुरुवातीला पन्हाळ्यावरच होती, ताराराणींनी १७१० मध्ये तिथनंच वेगळा कारभार सुरू केला, मग १७३१ च्या वारणेच्या तहात सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं पक्की झाली, आणि राजधानी खाली शहरात आली ती अठराव्या शतकाच्या शेवटाला. म्हणजे भवानी मंडप, न्यू पॅलेस हे सगळं त्या गडावरनं खाली उतरलेल्या राज्याचं आहे. आधी गड बघून आलात की दुसऱ्या दिवशी शहरात फिरताना सगळं जुळत जातं.

पन्हाळ्यावर नक्की काय काय बघायचं? आम्हाला तर गाईडनं पाच पॉइंट दाखवले आणि सोडून दिलं.

पन्हाळा मोठा गड आहे, तटाचा घेर सात किलोमीटरच्या आसपास आहे, आणि वर अख्खं गाव आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहेत, हॉटेलं आहेत. त्यामुळं गडावर आलोय असं पहिल्यांदा वाटतच नाही, गाडी थेट वर जाते. गड बांधला शिलाहार राजा दुसरा भोज यानं, बाराव्या शतकाच्या शेवटाला, त्यानंतर यादव, बहामनी, आदिलशाही असं करत करत तो महाराजांकडं आला. अफजलखानाचा वध झाला १० नोव्हेंबर १६५९ ला आणि त्याच महिन्याच्या शेवटाला, २८ तारखेला पन्हाळा घेतला. काय तो वेग, विचार करा.

आता बघायचं कसं, तर सगळ्यात आधी अंबरखाना. धान्याची कोठारं आहेत, गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं, २५ हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत जाऊन उभं राहा आणि वर कमानीकडं बघा, भिंतीची जाडी बघा. वेढा पडल्यावर गड महिनोन्‌महिने कसा लढतो याचं उत्तर तोफेत नाही, इथं आहे. लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात, तुम्ही पडू नका.

मग तीन दरवाजा, पश्चिमेच्या बाजूला. एकामागं एक दरवाजे, मधे चौक, शत्रू पहिल्या दारातनं आत आला तरी चौकात अडकतो आणि वरनं मारा होतो. कमानीवरचं कोरीवकाम, गणपती, शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) निवांत बघा. कोंडाजी फर्जंदनं १६७३ मध्ये फक्त साठ मावळे घेऊन हा एवढा गड परत जिंकला, ते डोक्यात ठेवून तटावरनं खाली वाकून बघा, मग साठ म्हणजे काय ते समजतं. वाकताना पोरांचा हात धरा.

तीन दरवाज्याच्या जवळच अंधार बाव आहे, तिला शृंगार बावपण म्हणतात. बाहेरनं साधी इमारत वाटते पण तीन मजली आहे, सगळ्यात खाली विहीर, मधे पहारेकऱ्यांची जागा आणि तटाबाहेर निसटायला चोरवाट. गडाचं पाणी शत्रूनं खराब करू नये म्हणून विहिरीवर अशी इमारतच बांधून टाकली. माझ्या मते पन्हाळ्यावरची सगळ्यात हुशारीची जागा हीच आहे.

सज्जा कोठी पूर्वेला, कड्यावर. वरच्या मजल्यावरनं खालचा सगळा मुलूख दिसतो. संभाजीराजे दिलेरखानाकडनं परत आले तेव्हा शिवाजी महाराजांची आणि त्यांची भेट पन्हाळ्यावर झाली, १६८० च्या जानेवारीत. महाराज मग रायगडाकडं गेले आणि एप्रिलमध्ये गेलेच, संभाजीराजे त्या वेळी इथंच पन्हाळ्यावर होते. बापलेकाची शेवटची भेट या गडावरची आहे. एवढं माहीत असल्यावर तिथं आरडाओरडा करत सेल्फी काढायला मन होत नाही.

पुसाटी बुरूज, सोमेश्वर तलाव, धर्मकोठी, वेळ असेल तसं. कवी मोरोपंतांचा जन्मपण पन्हाळ्यावरचाच, हे मराठी शिकवणाऱ्यांनी आवर्जून पोरांना सांगावं.

चार दरवाजा कुठं आहे? नकाशात नाव आहे पण दिसत नाही.

दिसणार नाही, इंग्रजांनी पाडला. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे गडावरच्या पिढीजात शिबंदीनं, बंड केलं, सुरुवात सामानगडावरनं झाली, मग पन्हाळा, पावनगडपर्यंत ते पोचलं, आणि इंग्रजांनी गड घेतल्यावर पाडापाडी केली. आता नाव उरलंय आणि थोडे अवशेष.

महाराज सिद्दीच्या वेढ्यातनं निसटले ती जागा बघता येते का?

येते. राजदिंडी म्हणून विचारा, गडावर कुणीपण सांगेल. १६६० च्या मार्चपासनं सिद्दी जौहरचा वेढा, चारेक महिने महाराज गडावर अडकलेले, आणि मग जुलैच्या धो धो पावसात, १२ तारखेच्या रात्री ते बाहेर पडले. एक पालखी महाराजांची आणि दुसऱ्या पालखीत शिवा काशीद, नेबापूरचा, जातीनं नाभिक, महाराजांसारखा दिसणारा. पकडला गेला की आपलं काय होणार हे त्याला पालखीत बसतानाच माहीत होतं. त्याचा पुतळा गडावर आहे, समाधी पायथ्याला नेबापुरात आहे. बाजीप्रभूंचा पुतळा सगळे बघतात, फोटो काढतात, चांगलंच आहे, पण तेवढाच वेळ शिवा काशीदपाशी पण थांबा एवढं मनापासनं सांगावंसं वाटतं.

पुढं घोडखिंड, जिला आता पावनखिंड म्हणतात, तिथं बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी वाट अडवून धरली आणि महाराज विशाळगडावर पोचले. दर वर्षी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती निघते, हजारो लोक पावसात, चिखलात, मसाई पठारावरनं चालत जातात. वर्षात कधी डोंगर चढला नसेल तर थेट यात उतरू नका, आधी सराव करा. चालायचं नसेल तर गाडीनं पावनखिंड आणि विशाळगड एका दिवसात होतो, कोल्हापूरपासनं विशाळगड साधारण ८० किलोमीटर. बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभूंच्या समाध्या विशाळगडावर आहेत. निघायच्या आधी गडावर सध्या कधी सोडतात याची चौकशी करा.

पन्हाळा वर्ल्ड हेरिटेज झाला म्हणजे काय झालं?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना एकत्र जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळा आहे. बाकी रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, लोहगड, साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. आपल्यासाठी याचा अर्थ इतकाच की तटावर नाव कोरणं, प्लास्टिक टाकणं आता तरी बंद करा.

आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांना पन्हाळा जमेल का?

आरामात. गाडी जवळपास प्रत्येक ठिकाणापर्यंत जाते. अंधार बावच्या पायऱ्या त्यांना उतरायला लावू नका, आत उजेड कमी असतो आणि पायऱ्या उंच आहेत. तबक उद्यानात त्यांना सावलीत बसवा, मोठी झाडं आहेत, वारा असतो, तुम्ही तोवर बाकीचं बघून या. ऊन उतरल्यावर झुणका-भाकर, ठेचा, दही घ्या, गडावर घरगुती चुलीवरची भाकरी देणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडंच जेवा.

पावसाळ्यात यावं का?

धुकं, हिरवळ, कांदाभजी, सगळं खरं आहे आणि सगळ्यात देखणा पन्हाळा तेव्हाच. पण घाटरस्ता खचतो, २०२१ च्या जुलैमध्ये नाक्याजवळचा रस्ता खचला आणि कितीतरी महिने वाहनांना वर जाता येत नव्हतं. पंचगंगेला पूर आला की शहराभोवतीचे रस्तेपण बंद होतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये येताना हवामानाचा अंदाज बघा, हॉटेलवाल्याला फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. मे महिन्यात दुपारी शहरात फिरणं त्रासाचं होतं, सकाळ-संध्याकाळ वापरा.

न्यू पॅलेसमध्ये बघण्यासारखं काय आहे? राजघराणं खरंच तिथं राहतं का?

हो, राहतं, म्हणून म्युझियम तळमजल्यावर आहे आणि बाकीचा भाग बंद. वाडा १८७७ ते १८८४ या काळात झाला, काळा दगड, मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनिअरचा, बांधकाम पुरं व्हायच्या आधीच १८८१ मध्ये तो वारला. गंमत म्हणजे इमारत इंग्रजाची पण बघताना परकी वाटत नाही, गुजरात-राजस्थानकडच्या देवळांची नक्षी आहे, मराठी वाड्याचा थाट आहे.

आत शस्त्रं, पोशाख, दागिने, पत्रं, हौदे, आणि शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी, पोरं तिथंच अडकून पडतात. पण माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त वेळ दरबार हॉलला द्या, तिथल्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, बाहेर ऊन असताना गेलात तर काचा पेटल्यासारख्या दिसतात, म्हणून ढगाळ संध्याकाळी जाऊ नका. शाहू महाराजांचे फोटोपण बघा, धिप्पाड माणूस, शिकारीच्या वेषात, पैलवानांबरोबर. याच माणसानं २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. फोटो काढायला आत बंदी आहे, उगाच वाद घालू नका. सोमवार टाळा, म्युझियमचं काय बघायचं असेल तर शहरात सोमवारी येऊच नका.

मॅपवर लक्ष्मी विलास पॅलेस टाकलं तर बडोदा दाखवतंय?

बडोद्याचा मोठा लक्ष्मी विलास वेगळा, त्याचाही आराखडा मूळ मँटचाच. आपला लक्ष्मी विलास कसबा बावड्यात आहे, छोटा, साधा, शाहू महाराजांचा जन्म तिथला, २६ जून १८७४. मॅपमध्ये 'शाहू जन्मस्थळ, कसबा बावडा' असं टाका. तिथं म्युझियम आहे. गर्दी नसते, पण लोकांनी जायला पाहिजे, कारण राधानगरीचं धरण, वसतिगृहं, आरक्षण हे सगळं ज्या डोक्यातनं आलं त्याची ओळख तिथं नीट होते.

जुना राजवाडा म्हणजे भवानी मंडपच ना?

तोच. अंबाबाईच्या देवळापासनं चालत पाच मिनिटं. उंच नगारखाना, आत तुळजाभवानीचं देऊळ, आणि त्याच आवारात मेन राजाराम हायस्कूल. राजवाड्यात शाळा भरते हे बाहेरच्या लोकांना नवल वाटतं.

तिथनं तसंच खासबाग मैदानाकडं चालत जावा. शाहू महाराज १९०२ ला युरोपला गेले होते, रोममधलं जुनं मैदान बघून आले आणि इथं कुस्तीसाठी तसं काहीतरी करायचं ठरवलं, १९१२ ला मैदान तयार झालं. आखाडा मधे, भोवती चढत जाणारी बैठक, कुठंही बसा, तुमच्या आणि पैलवानाच्या मधे कोण येत नाही. मोठ्या कुस्त्या असतील त्या दिवशी कोल्हापुरात असलात तर बाकी सगळा प्लॅन सोडा. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं, पहिलं नाव पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. आता ते परत उभं करायचं काम हाती घेतलंय.

रंकाळ्यावरचा शालिनी पॅलेस आतनं बघता येतो का?

नाही. १९३१ ते १९३४ मध्ये बांधला, राजकन्या शालिनीराजे यांचं नाव, मधे बरीच वर्षं तिथं हॉटेल होतं. आता बाहेरनंच, रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरनं संध्याकाळी बघा, सगळ्यात छान तिथनंच दिसतो.

पोरांना खेळायला आणि आम्हाला बसायला बाग कुठली चांगली?

रंकाळ्याचा काठ आणि त्याला लागून पद्माराजे उद्यान, भेळ, रगडा, घोडा, सगळं एका ठिकाणी, संध्याकाळी अर्धं कोल्हापूर तिथं असतं. पाणी कमी असेल तर तलावात संध्यामठ दिसतो. शांतता पाहिजे असेल तर सकाळी लवकर जावा. नागाळा पार्ककडं महावीर गार्डन आहे.

पण मला स्वतःला टाऊन हॉलची बाग सगळ्यात आवडते. दाट, जुनी झाडं, भर उन्हातपण गार, समोर सीपीआर दवाखान्याची दगडी इमारत. मधली टाऊन हॉलची इमारतपण मँटचीच, १८७२ ते १८७६. शिवाजी विद्यापीठाचा परिसरसुद्धा पहाटे फिरायला झकास, मोर दिसतात.

टाऊन हॉल म्युझियममध्ये वेळ घालवण्याइतकं आहे का?

एका छोट्या मूर्तीसाठी तरी जावा. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथं १९४५-४६ ला उत्खनन झालं आणि त्यातल्या वस्तूंसाठी हे म्युझियम निघालं. तिथं सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती आहे. सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, रोमशी चाललेल्या व्यापारातनं ती समुद्र ओलांडून, घाट चढून इथं आली. वीतभर वस्तू, पण तिच्यासमोर उभं राहिलं की आपलं गाव केवढं जुनं आहे ते अंगावर येतं.

शहराला पूर्वी तटबंदी होती म्हणतात, काय उरलंय का?

बिंदू चौकात थोडा तट आणि बुरूज. बाकी गंगावेश, रंकाळा वेस ही नावं तेवढी. बिंदू चौकात गेलात तर महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे जरूर बघा, ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना.

किरणोत्सव कधी असतो?

९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायावर, मग कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग किंवा धुकं असेल तर पोचत नाहीत, त्यामुळं खात्री कुणीच देऊ शकत नाही. गर्दी प्रचंड. देवळात अंगभर कपडे घालून जावा.

स्वतःची गाडी नाही, कसं फिरायचं?

सीबीएस स्टँडवरनं पन्हाळ्याला आणि जोतिबाला एसटी आहे. वडाप, म्हणजे शेअर जीप, पण मिळतं. स्वतःची गाडी असेल तर रत्नागिरी रोडनं निघा, केर्लीतनं जोतिबाचा फाटा, पुढं वाघबीळातनं पन्हाळ्याचा, एकूण वीसेक किलोमीटर. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, सासनकाठ्या, गुलाल, लाखो लोक, तेव्हा त्या रस्त्याला गाडी घालू नका, यात्रेला जायचं असेल तर चालतच जावा. शहरात देवळाभोवती गाडी नेऊच नका, बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा, भवानी मंडप, देऊळ, खासबाग, गुजरी (सराफ बाजार) सगळं चालत होतं.

दसऱ्याला आलो तर?

या की! संध्याकाळी दसरा चौकात शाही सोहळा, छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतनं येतात, सोनं लुटलं जातं. जागा धरायची असेल तर चारच्या आधी पोचा.

खायचं काय आणि कुठं?

मिसळ सकाळी, इथं पाव नाही, स्लाइस ब्रेड मिळतो, कट (तिखट रस्सा) मागून घ्या. दुपारी मटणाचं ताट, तांबडा आणि पांढरा दोन्ही, पांढरा आधी प्या. रात्री गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध, तुमच्या समोर धार काढून देतात. दुकानांची नावं देत नाही, रिक्षावाल्याला तो स्वतः कुठं जेवतो ते विचारा.

पन्हाळा झालाय, दुसरे गड सांगा.

पन्हाळ्याला चिकटूनच पावनगड आहे, कोण जात नाही, तुम्ही जावा. गगनबावड्याला गगनगड, गारगोटीकडं भुदरगड, हे दोन्ही फॅमिलीला जमतात. रांगणा जंगलात आहे, माहीतगार बरोबर पाहिजे. गडहिंग्लजकडं सामानगड करताना नेसरीला प्रतापराव गुजरांच्या स्मारकाला जावा, २४ फेब्रुवारी १६७४ ला सात मराठे बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले ती जागा. चंदगडचा पारगड लांब आहे पण तान्हाजी मालुसऱ्यांचे वंशज अजून त्या गडावर राहतात, गावकरी आपुलकीनं बोलतात.

कोल्हापुरी चप्पल घालून गड चढलं तर चालतं का?

नवी असेल तर अजिबात नको, लावते आणि ओल्या दगडावर घसरते. गडावर शूज घाला. चप्पल शेवटच्या दिवशी देवळाजवळच्या चप्पल लाइनमध्ये घ्या, तळ वाकवून बघा, शिलाई बघा, आणि पाऊस सुरू असेल तर घरी जाईपर्यंत पिशवीतच ठेवा.